कष्ट गेले, निगाही गेली

ठाण्याच्या नौपाड्यात किंवा चरईत चाळीस-पन्नास वर्षांची एखादी इमारत पुनर्विकासाला निघाली की सामान हलवणाऱ्यांच्याही आधी भंगारवाल्याचा टेम्पो येऊन उभा राहतो. त्यात काय काय चढतं ते जरा थांबून बघावं. काळं शिलाई मशीन, तीन किलोची इस्त्री, पाठीवर काळी जाळी असलेला एकदारी फ्रिज, पितळी स्टोव्ह, आणि हमखास एखादा मिक्सर, ज्याचं झाकण कधीच हरवलंय पण मोटर अजून फिरते. त्याच टेम्पोत सहा-सात वर्षांचं वॉशिंग मशीनही चढतं, दिसायला नवंकोरं. बघणारे म्हणतात, पूर्वीच्या वस्तूच दणकट हो, आता सगळा प्लास्टिकचा कारभार.

हे अर्धंच खरं आहे. १९७५ साली घेतलेले जे मिक्सर जळाले ते केव्हाच वितळून गेले. आपल्यासमोर आहेत ते टिकलेले. न टिकलेल्यांची मोजदाद कोणी ठेवली नाही, म्हणून तो काळ आपल्याला लोखंडी वाटतो. शिवाय दणकटपणा निव्वळ धातूच्या जाडीत नव्हता. वस्तू घरातल्या स्क्रू-ड्रायव्हरने आणि पान्याने उघडायची, तिचा सुटा भाग चालत जाऊन आणता यायचा, आणि कोणत्या दिवशी काय पुसायचं, कुठे तेल सोडायचं, हे घरात कुणाला तरी पाठ असायचं. या तीन टेकूंवर ती पंचवीस-तीस वर्षं उभी राहायची. सध्या दुरुस्तीच्या हक्काची, म्हणजे घेतलेली वस्तू दुरुस्त करता यायला हवी आणि तिचे भाग मिळायला हवेत याची, जी चर्चा चालली आहे ती पहिल्या दोन टेकूंभोवती फिरते, आणि तीही मोबाइलपासून सुरू होते. तिसऱ्याचं नाव कोणी काढत नाही. ते बायकांचं काम होतं, आणि बायकांच्या कामाची नोंद ठेवायची आपल्याकडे रीत नाही.

आधी उघडण्याचं बघू. जुन्या साध्या इस्त्रीचे मुठीखालचे दोन नट सोडवले की वरचं कवच निघतं. आत बिडाचा जड ठोकळा, त्याखाली एलिमेंट. एलिमेंट म्हणजे अभ्रकाच्या पातळ पानावर गुंडाळलेली नायक्रोमची चपटी पट्टी, वरून-खालून आणखी एकेक अभ्रकाचं पान. पट्टी बहुतेक वेळा मध्ये तुटत नाही, टोकाला जिथे जोड असतो तिथे जळते. जोड सैल झाला की ठिणगी पडते आणि ठिणगी पट्टी खात जाते. जुनं काढायचं, त्याच आकाराचं नवं ठेवायचं, वर ठोकळा, आणि नट चांगले आवळायचे. नट ढिले राहिले तर एलिमेंट आणि तळपत्रा यांच्यामध्ये हवा राहते, उष्णता कपड्यापर्यंत न जाता जागच्या जागी साठते आणि नवं एलिमेंटही थोड्याच दिवसांत जातं. शेवटी सिरीज दिव्याचं (विजेच्या वाटेत जोडलेल्या तपासणीच्या दिव्याचं) एक टोक प्लगच्या फेजच्या पिनेला आणि दुसरं तळपत्र्याला लावून बघायचं. दिवा लागला तर अभ्रक कुठेतरी फाटलंय, ती इस्त्री वापरायची नाही. सगळं मिळून अर्ध्या तासाचं काम. (त्या इस्त्र्यांत उष्णता वर जाऊ नये म्हणून अनेकदा अॅस्बेस्टॉसचा पत्रा असायचा, आणि तो लोक हातानेच उचलायचे. जुनं सगळं सोनं नव्हतं.)

आजच्या इस्त्रीत तापणारी नळी तळपत्र्यातच ओतून बसवलेली असते. ती गेली की तळपत्राच बदलायचा. पण गंमत अशी की पुष्कळदा ती गेलेलीच नसते. तापमान फार वाढलं की वीज तोडणारा एक छोटा थर्मल फ्यूज पांढऱ्या नळीत लपलेला असतो, तो उडालेला असतो. भाग काही रुपयांचा. तो का उडाला, म्हणजे तापमान राखणारा स्विच, थर्मोस्टॅट, चिकटलाय का, हे आधी बघावं लागतं. फ्यूजला बगल देऊन वायर सरळ जोडणं म्हणजे घराला आग लावायची तयारी. पण मुद्दा असा, की त्या फ्यूजपर्यंत पोचायला प्लास्टिकच्या खाचा, एक लपवलेला स्क्रू आणि कधी कधी तीन कोनांचं डोकं असलेला दुसराच स्क्रू ओलांडावा लागतो. थर्मोस्टॅट, हलकं वजन, शॉकपासून संरक्षण या सुधारणा खऱ्याच आहेत. लपवलेल्या स्क्रूने मात्र वापरणाऱ्याचं कोणतंही भलं होत नाही.

मिक्सरचा इतिहास तर याच्या बरोबर उलटा आहे. साठच्या दशकात सत्यप्रकाश माथूर या अभियंत्याने 'सुमीत' घडवला तो परदेशी मिक्सर आपल्या वाटणापुढे टिकत नाही म्हणून. सुकं खोबरं, हळकुंड, भिजवलेली उडदाची डाळ हे काम फळांचा रस काढणाऱ्या मोटरचं नव्हे. म्हणजे यंत्र स्वयंपाकघराकडे बघून बनलं होतं, आणि त्याच्या दुखण्याच्या जागाही स्वयंपाकघराला ठाऊक होत्या.

पहिली जागा भांड्याच्या बुडाशी. पात्याचा दांडा ज्या बुशमधून जातो तो झिजला की पातं डुगडुगतं, सीलमधून पाणी खाली उतरतं, आणि चटणीत काळपट तेलकट रेघ दिसते. ती रेघ दिसल्यावर बुश आणि सील बदललं तर खर्च किरकोळ. दुर्लक्ष केलं तर तेच पाणी कपलरवरून, म्हणजे भांडं मोटरला जोडणाऱ्या दातेरी चकतीवरून, मोटरच्या वरच्या बेअरिंगमध्ये जातं, बेअरिंग गंजतं, मोटर जड फिरते, वाइंडिंग तापतं, आणि एक दिवस वास येतो. लोक म्हणतात मोटर जळली. मोटर चार महिन्यांपूर्वी गळणाऱ्या भांड्याने मारलेली असते.

दुसरी जागा कपलरची. दात झिजलेला कपलर बदलणं सोपं, फक्त त्याचा आटा फसवा. मोटर ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने फिरवला तर तो सुटतो; सवयीने उलटा जोर लावला तर आणखी घट्ट बसतो आणि शेवटी तुटतो. तिसरी जागा कार्बन ब्रश. आतून निळसर ठिणग्यांचं कडं दिसायला लागलं, मोटर मध्येच अडखळून सुरू व्हायला लागली, की ब्रश झिजलेत. दोन्ही एकदम बदलायचे, एकच बदलला तर दाब सारखा राहत नाही. कम्युटेटर, म्हणजे ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा भाग, काळा पडला असेल तर झिरो नंबरच्या काचकागदाने हलका साफ करायचा. काळा एमरी कागद वापरायचा नाही, त्याची कणी तांब्याच्या पट्ट्यांत अडकते. आणि बुडाशी असलेलं लाल बटण उडालं म्हणजे मिक्सर बिघडला असं नव्हे. भार जास्त झाला म्हणून त्याने स्वतःला वाचवलंय. पाच-दहा मिनिटं थंड होऊ द्यायचा, भांडं अर्धं रिकामं करायचं, बटण दाबायचं. खडेमीठ फिरवून पात्याला धार येते असं अजूनही छातीठोकपणे सांगतात. मीठ पातं घासून स्वच्छ करतं एवढंच, धार लावायला सहाणच लागते.

ही तीन दुखणी आजच्या बहुतेक मिक्सरनाही तशीच आहेत, आणि दुरुस्तीही तशीच होते. म्हणून 'आता काहीच दुरुस्त होत नाही' हे सरसकट विधानही चूक आहे. मिक्सर, साधा पंखा, कुकर, गीझर यांची दारं अजून उघडी आहेत. बंद झालीत ती फ्रिजची आणि वॉशिंग मशीनची.

जुन्या फ्रिजच्या पाठीवरची काळी जाळी कुरूप दिसायची, कबूल. पण ती कंडेन्सर होती, आतली उष्णता तीच बाहेर टाकायची, आणि ती डोळ्यांना दिसत होती. धूळ साठली की ब्रश फिरवायचा. गॅस गळला तर सांध्यांवर साबणाचा फेस लावला की बुडबुडा सांगायचा कुठे गळतंय. आता ती जाळी बहुतेक फ्रिजमध्ये बाजूच्या पत्र्यांच्या आत गेली आहे, पत्र्याला चिकटून, आणि तिच्यामागे पफचा, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या पॉलियुरेथेनचा, फेस ओतलेला. म्हणून नव्या फ्रिजच्या बाजू गरम लागतात, आणि म्हणूनच त्याला पाठीपेक्षा दोन्ही बाजूंना मोकळी जागा लागते. फर्निचरवाल्याने केलेल्या कपाटाच्या खोबणीत तो घट्ट बसवला तर कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो आणि लवकर दमतो. आतल्या नळीला गळती लागली तर फेस फोडून ती शोधणं परवडत नाही. जाणकार मेकॅनिक काय करतात, ती आतली नळी सोडून देतात आणि पाठीवर बाहेरून नवी जाळी लावतात. म्हणजे जो भाग कंपनीने लपवला तो मेकॅनिक परत जुन्या जागी आणून ठेवतो!

गॅसचीही तीच कथा. जुन्या फ्रिजमधला आर-१२ ओझोनच्या थराला घातक म्हणून बंद झाला, ते योग्यच झालं. हल्लीच्या बहुतेक घरगुती फ्रिजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो. तो भरायचा जेमतेम ५०-६० ग्रॅम. इतक्या कमी मापात दहा ग्रॅमची चूकही मोठी, त्यामुळे डिजिटल काट्यावर तोलूनच भरावा लागतो. शिवाय फ्रीजरच्या बाजूचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, म्हणून तिथे भोक पडलं तर गॅस बाहेर येण्याऐवजी हवा आणि दमट वाफ आत ओढली जाते, आणि ती केसाएवढ्या बारीक नळीत, कॅपिलरीत, गोठून रस्ता अडवते. वर हा वायू पेट घेणारा. गेजचा काटा बघून 'अंदाजे' भरणाऱ्याच्या हाती असा फ्रिज देणं चूक, आणि ज्याच्याकडे काटा, व्हॅक्यूम पंप आणि प्रशिक्षण आहे त्याची फी जास्त आहे म्हणून कुरकुरणंही चूक.

पूर्वीच्या फ्रिजची निगा मात्र अशी होती की गोष्ट मेकॅनिकपर्यंत जाऊच द्यायची नाही. बर्फाचा थर अर्ध्या सेंटिमीटरच्या वर गेला की फ्रिज बंद, दार उघडं, आत गरम पाण्याचं पातेलं, खाली जुना पंचा-टॉवेल. सुरीने बर्फ खरवडायचा नाही हा घरोघरचा दम होता. फ्रीजरची भिंत अॅल्युमिनियमची, आणि सुरीचं एक टोक म्हणजे आख्खा गॅस गेला. दाराच्या रबराला कोमट पाण्यात खायचा सोडा घालून पुसायचं, मग दारात नोट धरून ओढून बघायची. सहज निसटली तर तिथून थंडावा जातोय. वीज गेली आणि लगेच आली तर फ्रिज पाच मिनिटं बंद ठेवायचा, कारण दोन्हीकडचा दाब सारखा व्हायच्या आत कॉम्प्रेसरला उठवलं तर तो उठत नाही, फक्त गुरगुरतो आणि तापतो.

वॉशिंग मशीनबद्दल थोडक्यात. पुढून दार असलेल्या पुष्कळ मशीनचा बाहेरचा टब हल्ली दोन अर्ध चिकटवून बनवतात. ड्रमच्या बेअरिंगचं सील गेलं, पाणी शिरलं, घरघर सुरू झाली, तर बदलायचा असतो बेअरिंग आणि सील, पण मिळतो आख्खा टब. त्याची किंमत ऐकून माणूस नवीन मशीन घेतो. इथे मेकॅनिकचा दोष नाही, वापरणाऱ्याचाही नाही. जिथे बोल्ट लावता आले असते तिथे वितळवून जोड दिला, हा निर्णय कारखान्यात झालेला असतो.

आता तिसरा टेकू.

आजी-पणजीच्या पिढीचं घरकाम आठवताना आपण दोन वेगळ्या गोष्टी एका पोत्यात भरतो. एक कष्ट: जातं, पाटा-वरवंटा, धुण्याचा दगड, पाण्याच्या कळशा, रॉकेलची रांग. दुसरी निगा: वाती कापणं, वॉशरला तेल, कुकरची रिंग, मशीनची भोकं, पाट्याला टाकी, पितळेला कल्हई. कष्टांनी बायकांचे खांदे आणि कंबरा गेल्या. ते यंत्रांनी घेतले हे उत्तमच झालं, त्यांच्याबद्दल हळवं व्हायचं कारण नाही. निगा मात्र वेळाने अगदी लहान होती. कुकरची रिंग काढून धुवून कोरडी करायला एक मिनिट. शिलाई मशीनला प्रत्येक भोकात एकेक थेंब तेल, दातांखालचा कापूस ब्रशने काढणं, चार मीटर टाकाऊ चिंधीवर शिवून जादा तेल टिपणं, सगळं मिळून दहा मिनिटं. फ्रिज महिन्यातून एकदा, पाऊण तास. पंपाचा स्टोव्ह पिवळा जळायला लागला तर निपलमध्ये पिन, पंप पोकळ लागला तर चामड्याच्या वॉशरला खोबरेल, पाच मिनिटं. सगळी बेरीज महिन्याला दोन-अडीच तासांच्या पुढे जात नाही. यंत्रं घरात आली तेव्हा आपण कष्टांबरोबर निगाही टाकून दिली, जणू तीही त्याच गुलामीचा भाग होती.

एका अर्थाने होतीच. ते दोन-अडीच तास नेहमी एकाच व्यक्तीचे असायचे, आणि ती चुकली तर बोलणी तिलाच. हाच मुद्दा या चर्चेत निसटतो. जुन्या निगेची स्तुती करणाऱ्या पुरुषांनी कुकरची रिंग शेवटची कधी उलटी करून बसवली ते आठवून पाहावं. सकाळी सातची लोकल धरून रात्री साडेआठला घरी येणाऱ्या बाईने फ्रिजचा बर्फही वितळवावा असं कोणी सुचवत असेल तर ती सूचना आहे तिथेच परत पाठवावी. ठाण्याच्या किंवा वाशीच्या दोन नोकऱ्यांच्या घरात निगा टिकायची असेल तर ती वाटूनच टिकेल, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर नावासकट लिहावी लागेल, जसं दुधाचं लिहितात.

कल्हईचं उदाहरण इथे जवळून बघण्यासारखं आहे, कारण तिच्यात निगा घराबाहेरच्या हाताला मोजून दिलेली होती. पितळेच्या पातेल्यात आमटीचं आंबट उतरलं की हिरवट कळक येते आणि मळमळतं, म्हणून आतून कथलाचा थर हवा. कल्हईवाला गल्लीच्या टोकाला जमिनीत भट्टी मांडायचा, भाता चालवायचा. भांडं आधी राखेने, वाळूने घासून उघडं करायचं, निखाऱ्यावर इतकं तापवायचं की नवसागराची चिमूट टाकताच पांढरा धूर उठेल. कथील २३२ अंशांना वितळतं. कांडी टेकवली की त्याचा थेंब पसरतो, आणि कापसाच्या बोळ्याने तो झरझर फिरवायचा, भांडं एका हातात चिमट्याने गरगर वळवत. जास्त तापलं तर कथील जळून पिवळं पडतं, कमी तापलं तर गुठळ्या राहतात. मग पाण्यात बुडवायचं, चर्र आवाज. ज्या भांड्याला वर्षा-दोन वर्षांनी अशी कल्हई झाली ते तीन पिढ्या गेलं. बाहेरून लखलखीत करायला चिंच-मीठ, नंतर ठाण्याचीच पितांबरी, १९८९ पासून. पण पितांबरी बाहेरून; आतला थर ज्याच्या हाती होता तो माणूस रस्त्यावरून गेला आणि पितळ माळ्यावर गेलं. भांडं तसंच होतं, सेवा संपली.

तीच गोष्ट आता वाइंडिंगवाल्याची आणि मिक्सरवाल्याची होते आहे, आणि इथे प्रश्न सार्वजनिक होतो. या पट्ट्यात एके काळी हातांची ददात नव्हती. वागळे इस्टेट ही महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची पहिली वसाहत, १९६२ ची. कळव्याला सिमेन्स आणि मुकंद, विक्रोळीला गोदरेज, खाडीपलीकडे ठाणे-बेलापूर पट्टा. दिवसा लेथवर किंवा पॅनेलवर काम करणारा माणूस संध्याकाळी शेजाऱ्याचा पंखा उतरवून बघायचा. बेअरिंग ६२०२ की ६२०१ हे त्याला पाठ असायचं. हॉकिन्सचे कुकर ठाण्यातही बनतात, तरी कुकरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमध्ये काय असतं हे पुढच्या पिढीला माहीत नाही. त्यात कमी तापमानाला वितळणाऱ्या मिश्रधातूचं बटण असतं. आतलं पाणी संपून तापमान फार वाढलं, किंवा शिट्टीचं भोक डाळीच्या सालाने बुजलं, की ते उडतं. ते उडणं म्हणजे कुकर वाचणं. तिथे कणीक लावून काम भागवणारे महाभाग आहेत, आणि रस्त्यावरची स्वस्त, न बसणारी रिंग घेणारेही.

वसाहतीत आता कारखान्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या. जुन्या इमारतीच्या जिन्याखालचा दहा बाय आठचा गाळा, जिथे वाइंडिंगचं यंत्र आणि चार पंखे टांगलेले असायचे, पुनर्विकासानंतर परत येत नाही. नव्या दुकानाचं भाडं पंख्याचे कॅपॅसिटर बदलून सुटत नाही. सिडकोच्या नियोजनात सेक्टरागणिक दुकानं आखली होती, पण त्यांत आता बहुतेक मोबाइल, केशकर्तनालय आणि इस्टेट एजंट. घोडबंदर रोडच्या मोठ्या संकुलांत तर मेकॅनिकने गेटवर अॅपमध्ये नोंद करून, सर्व्हिस लिफ्टने, ठरलेल्या वेळेतच यायचं. कंपनीच्या माणसाच्या भेटीचा आकार भरला की अर्ध्या मिक्सरचे पैसे तिथेच गेले.

आणि याच संकुलांत निगेची गरज जास्त आहे. टँकरचं आणि बोअरचं पाणी जड, त्यातला चुना गीझरच्या कॉइलवर आणि वॉशिंग मशीनच्या हीटरवर जाड बसतो, कॉइल आतून तापते पण पाणी तापायला वेळ लागतो, शेवटी कॉइल फुटते. साठवणीच्या गीझरमध्ये मॅग्नेशियमची एक कांडी असते. ती टाकीच्या ऐवजी स्वतः गंजते. तेच तिचं काम. दोन वर्षांनी वीज आणि पाणी बंद करून, टाकी रिकामी करून, खालची चकती उघडून ती बघायची. निम्म्याहून बारीक झाली असेल तर बदलायची, सोबत चकतीचं रबरही नवं घालायचं, नाहीतर तिथूनच ठिबकायला लागतं. जड पाण्यात हे वर्षालाच बघावं. कांडी संपली की गंज टाकीकडे वळतो आणि टाकी फुटली की दुरुस्ती नाही. विकणारा हे सांगत नाही. ऐरोली, कोपरखैरणे, वाशी या खाडीकाठच्या भागांत एसीची वेगळीच रड: नाल्यांच्या आणि चिखलाच्या वायूंत हायड्रोजन सल्फाइड असतो, तो तांब्याला काळं करून बारीक भोकं पाडतो. नाल्याकडे तोंड करून आउटडोअर युनिट लावू नये हे इथला प्रत्येक एसीवाला जाणतो, आणि बिल्डरने एसीचा कट्टा नेमका तिकडेच काढलेला असतो.

एक आक्षेप मात्र मान्य करायला हवा. जुनं चालवत राहणं नेहमी शहाणपणाचं नसतं. जुना पंखा ७५ वॉट खातो, बीएलडीसी, म्हणजे बिनब्रशच्या मोटरचा, पंखा साधारण ३०. दिवसाला पंधरा तास धरले तर वर्षाला जवळपास २५० युनिटांचा फरक, एका पंख्यामागे. पंख्यांना स्टार लेबल १ जानेवारी २०२३ पासून सक्तीचं झालं ते त्यासाठीच. पण जुना पंखा मंदावला तर बहुधा अडीच मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर जातो, तो कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. बीएलडीसीचं सर्किट गेलं तर त्याच कंपनीचं, त्याच मॉडेलचं हवं, आणि पाच वर्षांनी ते मॉडेल नसतं. वाचलेली वीज अशी कचऱ्यात जाऊ द्यायची नसेल तर स्टारच्या शेजारी दुसरा आकडाही छापला पाहिजे.

तो आकडा येऊ घातला आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी २४ डिसेंबरला पोर्टल सुरू झालं, आणि मे २०२५ मध्ये दुरुस्ती निर्देशांकाचा अहवाल आला. भाग किती थरांखाली आहे, स्क्रू कोणते, अवजारं कोणती लागतात, सुटे भाग वेळेत मिळतात का, माहिती उघड आहे का, यावर गुण. निकष चांगले आहेत. सुरुवात मात्र मोबाइल आणि टॅबपासून. फ्रान्सने जानेवारी २०२१ मध्ये असा निर्देशांक आणला तेव्हा पहिल्याच यादीत वॉशिंग मशीन घेतलं होतं. आपल्याकडे मिक्सर, पंखा, गीझर, फ्रिज आधी हवे होते. फोन गेला तर माणूस वैतागतो, मिक्सर गेला तर घरातली बाई परत पाट्यापाशी बसते. निकषांत आणखी दोन गोष्टी हव्यात. टब चिकटवला आहे की बोल्टने जोडला आहे, हे खोक्यावर लिहिलेलं असावं. आणि निगेचं पान मराठीत, यंत्राच्या पाठीवर चिकटवलेलं, पुस्तिकेत नव्हे. पुस्तिका पहिल्याच आठवड्यात हरवते.

१ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांत नूतनीकरणाला जागा आहे, पण कंपन्यांचा हिशेब मुख्यतः किती किलो माल पुनर्चक्रित झाला यावर चालतो. किलोंच्या हिशेबात बारा वर्षं चाललेला फ्रिज आणि सहा वर्षांत फेकलेला फ्रिज सारखेच. उलट दुसरा लवकर किलो देतो.

दिल्लीतून यायचं ते येईल. ठाणे आणि नवी मुंबई या दोन महापालिकांना तोवर थांबायचं कारण नाही. २०२३ च्या मे महिन्यात देशभरच्या शहरांत वापरलेले कपडे, पुस्तकं, भांडी जमा करायची थ्री-आर (कमी वापरा, पुन्हा वापरा, पुनर्चक्रित करा) केंद्रं उघडली. तिथे लोक चालू मिक्सरही ठेवून जातात, फक्त कपलर गेला म्हणून. त्याच केंद्रांत दुरुस्तीचं एक बाकडं मांडता येईल. भाडं महापालिकेचं, कमाई मेकॅनिकची, दर भिंतीवर लिहिलेले. आयटीआयच्या शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींना तिथे उमेदवारी, मुलींना आवर्जून, कारण यंत्र वापरायचं तिने आणि उघडायचं त्याने ही वाटणी कुठल्याही नियमात लिहिलेली नाही. गृहसंकुलांनीही महिन्यातून एक रविवार क्लबहाऊसच्या व्हरांड्यात एकाला बसू द्यावं, गेटवरचा ओटीपी न मागता. सामान फार लागत नाही. मल्टिमीटर, सिरीज दिवा, सोल्डरिंग आयर्न, बेअरिंग ओढायचा पुलर, झिरो नंबरचा काचकागद, कार्बन ब्रशचे चार-पाच मापांचे जोड, अडीचचे डझनभर कॅपॅसिटर, दोन-तीन प्रकारचे कपलर, कुकरच्या अस्सल रिंगा, आणि मशीनच्या तेलाची बाटली.